चावी तिच्याकडे राहू दे, पण पाकिटात

प्रश्न थोडक्यात असा. रत्नागिरीत नाचण्याला भाड्याचा फ्लॅट, राहणाऱ्या तुम्ही एकट्या, नोकरी पाळ्यांची, दाराला लॅच. जास्तीची चावी दोन वर्षांपासून शेजारच्या इमारतीतल्या मैत्रिणीकडे. तुम्ही नसताना ती झाडांना पाणी घालते, कधी तळलेली सुरमई फ्रिजमध्ये ठेवून जाते. गेल्या महिन्यात रात्रपाळी करून तुम्ही झोपला होतात आणि जाग आली तेव्हा ती स्वयंपाकघरात उभी. मग कळलं की तुम्ही गावाला गेलेल्या असताना तिने मावसबहिणीलाही फ्लॅट दाखवायला नेलं होतं. तुम्ही चावी परत मागितलीत, ‘म्हणजे माझ्यावर विश्वास नाही’ असं म्हणून ती रुसली, चावी अजून तिच्याकडेच आहे आणि बोलणं बंद आहे. तुम्ही विचारताय, कुलूप बदलू का?

बदला. पण सगळं कुलूप नको, फक्त सिलिंडर, म्हणजे कुलपात चावी जिथे जाते तेवढा भाग. आणि गुपचूप नको, तिला सांगून. चावी मात्र कुणाकडे तरी ठेवावीच लागेल, आणि ती तिच्याकडेच ठेवणं बहुधा सगळ्यात सोयीचं ठरेल. कुलपं बसवणं आणि बंद घरांच्या चाव्या सांभाळणं या कामात चावीवरून झालेली भांडणं नेहमी समोर येतात. त्यातली बरीचशी विश्वासाची नसतात. चावी दिली गेली एका कामासाठी आणि घेणाऱ्याने तिचा अर्थ ‘कधीही ये’ असा घेतला, एवढंच असतं. देताना कुणी काही बोललेलं नसतं, म्हणून दोघांनाही आपलंच खरं वाटतं.

आपल्याकडे हा घोळ जास्त होतो, त्याला घराची बांधणीही कारण आहे. कोकणातल्या जुन्या घरात माणूस एकदम आत येत नाही. आधी बेडं म्हणजे कुंपणाचं फाटक, मग खळं म्हणजे अंगण, मग पडवी, ओटी. तोवर तो दोनदा खाकरलेला असतो, ‘कोण आहे का घरात?’ म्हणून हाक मारून झालेली असते. माजघरापर्यंत पोचेस्तोवर आतल्या माणसाला पदर सावरायला, उठून बसायला वेळ मिळतो. दार दिवसभर सताड उघडं असूनही कुणाची अडचण होत नाही, कारण सूचना द्यायचं काम अंगण करतं. फ्लॅटमध्ये हे सगळं एका दारात येतं. दार उघडलं की थेट हॉल, आणि चार पावलांवर झोपायची खोली. तुमची मैत्रीण वाडीतल्या सवयीने वागली असेल, पण हाक मारायला लागणारं खळं मध्ये नव्हतं.

तुम्ही तीन गोष्टी एका दमात सांगितल्यात, त्या मात्र एकसारख्या नाहीत. तुम्ही नसताना मासे ठेवून जाणं ही आगाऊ माया आहे. ‘येण्याआधी मेसेज कर’ एवढ्याने ती सुधारते. तुम्ही घरात असताना बेल न वाजवता येणं हा दाराच्या रचनेचाही दोष आहे, तो एका कडीने सुटतो. तिसऱ्या माणसाला आत नेणं वेगळं. तिथे तिने तुमच्या वतीने परवानगी देऊन टाकली, आणि त्या बहिणीने चावी कुठे ठेवलेली असते तेही पाहिलं. सिलिंडर बदला म्हणालो ते या तिसऱ्या गोष्टीमुळे. पहिल्या दोनच असत्या तर बदलू नका म्हटलं असतं.

आता मूळ मुद्दा. चावी दुसऱ्याकडे का लागते, याची कामं एकेक करून मोजा. झाडांना पाणी, टाकी भरून वाहिली तर नळ बंद करणं, गळती, वीज, पार्सल, तुम्ही बाहेर अडकलात तर दार उघडणं, आणि तुम्ही आजारी पडलात तर आत येणं. यातल्या निम्म्या कामांना घरात शिरायची गरजच नसते.

पाण्याचं बघा. बहुतेक इमारतींत प्रत्येक फ्लॅटच्या लाइनचा व्हॉल्व्ह गच्चीवर टाकीजवळ किंवा डक्टमध्ये असतो. स्वयंपाकघराची लाइन आणि बाथरूमची लाइन असे दोन असू शकतात. एकदा प्लंबरला घेऊन वर जा, आपला व्हॉल्व्ह फिरवून घरातला नळ खरंच थांबतो का ते पाहा आणि त्यावर फ्लॅट नंबरची पत्र्याची किंवा प्लॅस्टिकची चकती तारेने बांधा. रंगाने लिहिलेला नंबर दोन पावसाळ्यांत जातो. व्हॉल्व्ह वर्षानुवर्षं फिरवला नसेल तर तो जाम असतो आणि ऐन वेळी जोर लावला की दांडाच तुटतो. म्हणून वर्षातून दोनदा पूर्ण बंद-उघड करायचा. विजेचं तसंच. खाली मीटररूममध्ये तुमच्या मीटरपुढे मेन स्विच किंवा एमसीबी (बिघाड झाला की आपोआप पडणारा स्विच) असतो. गावाला जाताना फ्रिज रिकामा करून तो पाडून गेलात की शॉर्टसर्किटची धास्ती राहत नाही. गॅसचा रेग्युलेटर निघतानाच बंद करायचा, त्याला चावीवाली मैत्रीण कशाला? झाडांच्या कुंड्या आठ दिवसांहून जास्त जाणार असाल तर तिच्या गॅलरीत नेऊन ठेवा. पावसाळ्यात तर पाणी घालायची गरजच नाही, उलट बशीतलं पाणी काढावं लागतं. पार्सल तिच्या पत्त्यावर मागवा.

राहिली तीन कामं: तुम्ही बाहेर अडकणं, घरात आजारी पडणं, आणि घराच्या आत झालेली गळती. चावी फक्त या तीन कामांसाठी.

बाहेर अडकण्याचं आपल्याकडे सगळ्यात मोठं कारण म्हणजे वारा. जूनपासून नैऋत्येचा वारा गॅलरीतून घुसतो, तुम्ही कचरा ठेवायला दाराबाहेर एक पाऊल टाकता आणि मागे दार धाडकन लागतं. तुमच्या दाराला लॅच आहे म्हणता, म्हणजे जीभ आपोआप चौकटीत बसते आणि बाहेरून चावीशिवाय उघडत नाही. यावर दोन उपाय. एक म्हणजे बाहेर पाऊल टाकण्याआधी लॅचची जीभ मागे ओढून आतला खटका लावायचा, म्हणजे दार आपटलं तरी जीभ बसत नाही. याची सवय लागायला आठवडा जातो. दुसरा उपाय पक्का: लॅचऐवजी असं कुलूप, ज्याची जीभ चावी फिरवल्याशिवाय बाहेरच येत नाही. मग चावी हातात असल्याखेरीज दार बंदच करता येत नाही आणि अडकण्याचा प्रश्न मिटतो. घर भाड्याचं असल्याने पहिलाच उपाय आधी करून बघा. दाराला खाली चुंबकाचा स्टॉपर लावलात तर वारा निम्मा हरतो.

घरात असताना कुणी चावीने उघडू नये, यासाठी फार खटपट नको. आतून कडी लावली की बाहेरची कुठलीही चावी निरुपयोगी. जाळीचं सेफ्टी दार असेल तर कडी त्याला लावा. मुख्य दार उघडं ठेवून हवाही खेळते आणि येणाऱ्याला बेल वाजवावीच लागते. ते अंगणाचं काम करतं म्हणा ना. टॉवर बोल्ट, म्हणजे सरकवायची कडी, लावायचा तर स्टेनलेस स्टीलचा, खाऱ्या हवेत लोखंडी बोल्ट दुसऱ्या वर्षी गंजून जाम होतो. साखळी लावणार असाल तर तिच्यासोबत येणारे अर्ध्या इंचाचे स्क्रू फेकून द्या, ते एका धक्क्यात उपटतात; ३५ ते ४० मिमीचे स्क्रू चौकटीच्या लाकडात खोल जायला हवेत.

पण इथे एक अडचण आहे आणि ती तुमच्या परिस्थितीवर ठरते. एकटा राहणारा माणूस आतून कडी लावून चक्कर येऊन पडला तर मैत्रिणीकडची चावी काहीच करू शकत नाही. लॅचची जीभ चौकटीत बसलेली असताना तोच खटका आतून लावला तरी हेच. दोन्ही बाजूंनी चावी लागणारं सिलिंडर असेल तर आतली चावी आत तशीच अडकवून ठेवलीत तरी बाहेरची चावी नीट बसत नाही. काही महागड्या सिलिंडरमध्ये ही अडचण काढलेली असते, घेताना विचारून घ्यायचं. तरुण आणि धडधाकट असाल तर झोपताना कडी लावा. फिट्स, दमा, मधुमेहाची इन्सुलिन असं काही असेल, किंवा घरात वयस्कर माणूस असेल, तर कडी नको. तिथे साखळी बरी, कारण ती बाहेरून कापता येते. रात्रपाळीनंतर दिवसा झोपता तेव्हा निदान कडी लावून बाहेर ‘झोपले आहे, बेल वाजवू नका’ अशी पाटी अडकवा. खाजगीपणा आणि मदत यांचा मेळ प्रत्येक घराचा निराळा असतो, सरसकट उत्तर नाही.

सिलिंडर बदलायचं म्हणजे नेमकं काय ते सांगतो, कारण दुकानात गेलात की आख्खं कुलूप गळ्यात मारलं जातं. कुलपाचा सांगाडा दारातच राहतो, चावी जिथे जाते तो नळकांड्याचा भाग तेवढा निघतो. त्याच्या आत स्प्रिंगवर बसलेल्या छोट्या पिना असतात. चावीचे दाते बरोबर असले की सगळ्या पिना एका रेषेत येतात आणि आतला दांडा फिरतो. ही रचना अमेरिकेत लायनस येल धाकट्याने १८६० च्या दशकात रूढ केली, आजही तीच चालते. सिलिंडर बदलला की पिनांची उंची बदलते आणि जुन्या सगळ्या चाव्या, माहीत असलेल्या आणि नसलेल्याही, बाद होतात.

तुमचं कुलूप दारावर आतून बसवलेलं लॅच असेल तर आतला डबा चार स्क्रू काढून उतरतो. मागे एक पट्टी दिसते, तिच्यातून दोन लांब स्क्रू सिलिंडरला धरतात. ते सोडले की सिलिंडर बाहेरच्या बाजूने हातात येतो. नव्या सिलिंडरची मागची चपटी दांडी दाराच्या जाडीप्रमाणे कापावी लागते. ती जरा जास्त कापली गेली तर चावी फिरते पण जीभ हलत नाही. म्हणून जुन्याशी मापून, खाचेवर तोडायची. दाराच्या आत बसवलेलं, हँडलवालं कुलूप असेल तर दाराच्या कडेला, जिभेच्या खाली एक स्क्रू असतो. तो पूर्ण काढा, चावी घालून किंचित फिरवा, आतला कान (जीभ हलवणारा तुकडा) नळकांड्याच्या सरळ रेषेत आला की सिलिंडर ओढल्यावर निघतो. चावी न फिरवता ओढत बसाल तर काही होत नाही. नवा घेताना मधल्या स्क्रूच्या भोकापासून दोन्ही टोकांची लांबी वेगवेगळी मोजा. ६० मिमी म्हणजे ३० आणि ३० असेलच असं नाही. बाहेरच्या बाजूला तो पट्टीपासून २-३ मिमीहून जास्त बाहेर येऊ नये, नाहीतर पकडीत धरून मोडता येतो.

सिलिंडरसोबतच्या चाव्या तिथल्या तिथे मोजा आणि एका कागदावर लिहा: किती, कोणाकडे. जास्तीची करायची तर मूळ चावीवरून करा. नकलेवरून नक्कल केली की प्रत्येक वेळी थोडी चूक वाढते आणि तिसरी चावी दारात अडकते. चावीचा फोटो कुणालाही व्हॉट्सॲपवर पाठवू नका, स्वच्छ फोटोवरून दाते मोजून चावी कापता येते. ‘नक्कल करू नये’ असं कोरलेलं असलं तरी नाक्यावरचा चावीवाला विचारणार नाही. म्हणूनच मैत्रिणीने जुनी चावी परत दिली तरी तुमचा प्रश्न पूर्ण सुटत नाही, आणि ‘तू नक्कल केलीस का?’ हा प्रश्न विचारून तर भांडणच विकत घ्याल. सिलिंडर बदलला की तो प्रश्न विचारायची गरज उरत नाही. मला विचाराल तर सिलिंडरचे पैसे यासाठीच वसूल.

घर भाड्याचं आहे, तेव्हा मालकाला आधी मेसेज करा, जुना सिलिंडर आणि त्याच्या चाव्या पिशवीत जपून ठेवा आणि घर सोडताना तो परत बसवून द्या. मालकाला स्वतःकडे चावी हवी असेल तर करारात काय लिहिलंय ते पाहा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ मध्ये मालकाला घर पाहण्याचा हक्क आहे, पण वाजवी वेळी आणि आधी सूचना देऊन. मालकालाही जिथे सूचना द्यावी लागते, तिथे मैत्रिणीकडून एका मेसेजची अपेक्षा काही अवाजवी नाही. पोलिसांचा विचार मात्र आत्ता करू नका. गुन्हेगारी स्वरूपाचं अतिक्रमण भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२९ मध्ये येतं, पण त्याला गुन्हा करण्याचा, धमकावण्याचा, अपमान करण्याचा किंवा त्रास देण्याचा हेतू लागतो. तुम्हीच दिलेल्या चावीने मासे ठेवायला आलेली मैत्रीण त्यात बसत नाही. स्पष्ट नाही म्हटल्यावरही कुणी मुद्दाम घुसत राहिलं तर गोष्ट वेगळी.

आता बोलायचं कसं. तिचीही चावी तुमच्याकडे असेल, बहुतेकदा असतेच. ती आधी परत न्या. हे मी फार महत्त्वाचं मानतो, कारण तुम्ही काही काढून घ्यायला आलेल्या नसून हिशोब नव्याने मांडायला आलात हे शब्दांशिवाय कळतं. फोनवर नको, मेसेजवर तर मुळीच नको, आणि गणपतीच्या धामधुमीत नको. तेव्हा प्रत्येक घरात चार पाहुणे असतात आणि रुसवा सगळ्यांसमोर होतो. मागचा पाढा वाचू नका. साधारण असं म्हणा: ‘अगं, सिलिंडर बदलतेय. मी दिवसा झोपते, दार वाजल्याशिवाय कुणी आलं की दचकते. नवी चावी तुझ्याकडेच ठेवायचीय, पण अडीअडचणीसाठी. बाकी वेळी बेल वाजव, मी दार उघडेन.’ ती म्हणेल, ‘म्हणजे विश्वास नाही.’ त्यावर वाद न घालता, ‘विश्वास नसता तर चावी दुसरीकडे दिली असती,’ एवढं पुरे. मावसबहिणीचा विषय एकदाच, एका वाक्यात काढायचा: ‘माझ्याशिवाय कुणाला आत नेऊ नको.’ याला ती हो म्हणाली नाही, किंवा ‘त्यात काय एवढं’ म्हणाली, तर चावी तिच्याकडे ठेवू नका. मैत्री ठेवा, चावी दुसऱ्या कुणाकडे.

आणि ती चावी द्यायची ती पाकिटात. जाड कागदाचं लहान पाकीट, आत चावी आणि चिठ्ठी: व्हॉल्व्ह कुठे, मेन स्विच कुठे, कुणाला फोन करायचा. पाकीट चिकटवायचं, जोडावर तुमची सही आणि तारीख, वरून सेलोटेप. पाकीट फोडायला कुणाची बंदी नाही, फोडलं तर फक्त सांगायचं आणि तुम्ही नवं करून द्यायचं. चोराला हे पाकीट अडवणार नाही. सहज हाताशी आहे म्हणून चावी फिरवणाऱ्याला मात्र ते क्षणभर थांबवतं, आणि बहुतेक भांडणं त्या सहजपणातूनच होतात. तिच्या रोजच्या जुडग्यात तुमची चावी राहिली तर ती तिच्याच घराची होऊन बसते. पाकिटावर फ्लॅट नंबर किंवा नाव नको, एखादी खूण पुरे. हरवलं तर सापडणाऱ्याला दार कळू नये.

दुसऱ्या कुणाकडे द्यायची वेळ आलीच तर माणूस दहा-पंधरा मिनिटांत पोचणारा हवा. खाडीवरच्या भाट्ये पुलापलीकडे ठेवलेली चावी मुसळधार पावसाच्या रात्री नसल्यातच जमा. तळमजल्यावर पाणी भरतं अशा ठिकाणी एकुलती एक जास्तीची चावी ठेवू नये. २२ जुलै २०२१ ला चिपळूणमध्ये जो महापूर आला त्यानंतर हे वेगळं समजवावं लागत नाही.

आकड्यांची पेटी किंवा डिजिटल कुलूप लावू का, असंही तुमच्या मनात येईल. भिंतीवरची आकड्यांची चावीपेटी आपल्या हवेत जाम होते, रबरी झाकणाची घेतली आणि महिन्याला आकडे फिरवले तरच टिकते. डिजिटल कुलपात पाहुण्यासाठी एकदाच चालणारा आकडा देता येतो, कोण कधी आलं तेही दिसतं. पण मैत्रिणीच्या येण्याजाण्याची नोंद पाहायची सवय लागली की मन आणखी कलुषित होतं, असं माझं मत. शिवाय ते सेलवर चालतं, बंद घरात सेल गळतात, आणि आणीबाणीसाठी त्यालाही बहुतेकदा एक साधी चावी असते. ती कुणाकडे द्यायची हा प्रश्न परत तिथेच.

शेवटचं, पाकिटातली चावी आयत्या वेळी चालली पाहिजे. नव्या सिलिंडरमध्ये खोबरेल किंवा मशीनचं तेल घालू नका. जांभ्याची लाल धूळ त्यात बसून चिखल होतो आणि पिना धरतात. ग्रॅफाइटची पूड चिमूटभर, किंवा मऊ पेन्सिलीचं शिसं चावीच्या दात्यांवर घासून चार-पाचदा आतबाहेर. पावसात लाकडी दार फुगतं आणि जीभ चौकटीतल्या खाचेत घासते, तेव्हा चावीवर जोर काढू नका, ती खाचेत मोडते. दार आपल्याकडे ओढून धरा आणि मग फिरवा. जुलैत दार रंधून घेऊ नका, डिसेंबरात तेच आकसून फट पडते. मृग लागायच्या आधी, मेच्या शेवटच्या आठवड्यात, एकदा पाकीट दोघींनी मिळून फोडा, तिच्या हाताने दार उघडून बघा, व्हॉल्व्ह फिरवा, चिठ्ठीतले फोन नंबर तपासा आणि नव्या तारखेचं पाकीट तिच्या हाती द्या.